आधी चाळणं, मग निवडणं : स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

रिपोर्टच्या कागदावर शब्दांचे अर्थ उलटे होतात. एरवी ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू. त्याबाबत ‘एचपीव्ही निगेटिव्ह’ वाचून धसका घेणाऱ्या बायका असतात, आणि ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ म्हणजे कर्करोग झालाच असं धरून घरादाराची झोप उडवून घेणाऱ्याही असतात. स्तनाच्या एक्स-रेच्या रिपोर्टातलं ‘बाय-रॅड्स ४’ हे ‘चौथी स्टेज’ असं वाचलं जातं, तो गोंधळ तर आणखी जीवघेणा. यात शिकलेली-न शिकलेली असा भेद फारसा नसतो. आरोग्य साक्षरता म्हणजे अक्षरओळख नव्हे. तपासणी कुणासाठी आहे, ती काय सांगते, काय सांगू शकत नाही आणि तिच्यानंतर काय करायचं, हे कळणं म्हणजे ती साक्षरता. पदवी असूनही ती नसू शकते.

दर ऑक्टोबरात स्तनाच्या कर्करोगाच्या जनजागृतीच्या गुलाबी फिती झळकतात, ‘तपासणी करून घ्या’ असं सगळीकडून सांगितलं जातं. चांगलंच आहे. पण तपासून घेतल्यावर हातात जो कागद पडतो त्याचं काय करायचं, हे सांगायला मात्र त्या फितीला जागा उरत नाही.

चाळणी परीक्षा

स्पर्धा परीक्षांमुळे ‘चाळणी परीक्षा’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. हजारो उमेदवारांतून पुढे कुणाला बोलवायचं एवढंच ती ठरवते. नोकरी कुणाला द्यायची ते नाही. कर्करोगासाठीचं स्क्रीनिंग अगदी तसंच. कसलीही तक्रार नसलेल्या पुष्कळ बायकांमधून ‘हिच्याकडे जरा नीट बघायला हवं’ अशा थोड्या बाजूला काढायच्या, इतकंच तिचं काम.

धान्याच्या बाबतीत आपण ही दोन कामं नेहमीच वेगळी करतो. आधी चाळतो, मग निवडतो. चाळणीवर राहिलेलं सगळं खडे नसतात, आणि चाळणीतून खाली गेलेल्यातही एखादा बारीक खडा निघतो. खडा आहे की दाणा, हे बोटांनी उचलून पाहिल्यावरच कळतं. कर्करोगात हे उचलून पाहणं म्हणजे बायोप्सी : संशयित जागेचा छोटासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. कर्करोग आहे की नाही याचा निकाल तिथे लागतो, चाळणीवर नाही.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते गोल घेतले आहेत. समजा १,००० बायकांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, केली आणि त्यातल्या ५ जणींना खरंच कर्करोग आहे. चाचणीने त्यातल्या ४ जणींना पकडलं, एक सुटली. उरलेल्या ९९५ निरोगी बायकांपैकी ७० जणींच्या चित्रात काहीतरी शंकास्पद दिसलं. म्हणजे ‘पुन्हा या’ असा निरोप एकूण ७४ जणींना गेला, आणि त्यात कर्करोग फक्त चौघींना. तो निरोप मिळालेली बाई घाबरते, ते साहजिकच आहे. पण या हिशेबात तिच्यासारख्या अठरा-एकोणीस बायकांमागे एकीलाच कर्करोग निघतो. त्याच हिशेबात ती सुटलेली एक बाईही आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

दोन्ही तपासण्यांना एकच नाव, पण काम वेगळं

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २३ लाख बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि सुमारे ६ लाख ७० हजार जणी त्याने गेल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे ६ लाख ६० हजार आणि मृत्यू साडेतीन लाख. दुसऱ्या जोडीतलं प्रमाण पाहा. नव्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त मृत्यू, आणि तेही अशा कर्करोगात जो तपासणीमुळे होण्याआधीच थांबवता येतो.

फरक नेमका इथेच आहे. स्तनाची तपासणी आधीच झालेला कर्करोग लवकर शोधते. गर्भाशयमुखाची तपासणी बहुतेकदा कर्करोग होण्याच्या आधीची अवस्था शोधते, आणि ती तिथल्या तिथे काढून टाकता येते. एकीत चोर घरात शिरल्यावर लगेच पकडायचा, दुसरीत कुंपणावर चढतानाच. दोन्हींना आपण ‘कॅन्सरची तपासणी’ म्हणतो आणि हा फरक पुसला जातो. माझ्या मते सगळ्या जनजागृतीत हीच गोष्ट सगळ्यात कमी सांगितली जाते.

पिशवीच्या तोंडाशी काय घडतं?

बोलण्यात आपण गर्भाशयाला पिशवी म्हणतो. तिचा खालचा, योनीत उघडणारा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. तिथे दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींची सीमा असते आणि त्या पट्ट्यात पेशी सतत बदलत असतात. एचपीव्ही नावाच्या विषाणूला ही जागा फार मानवते. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले डझनभर प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे, आणि १६ व १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

आता धीर देणारा भाग. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना, बाई असो वा पुरुष, हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. दहापैकी जवळपास नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप हटतो. त्यांना पत्ताही लागत नाही. उरलेल्या थोड्यांमध्ये तो ठाण मांडतो. त्यातल्या काहींच्या पेशी बदलू लागतात आणि त्या बदलांवर उपचार झाला नाही तर त्यातून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. वैद्यकात इतकी मोठी सवलत देणारा आजार विरळा. आणि ती सवलत वाया जाते, कारण त्या पंधरा वर्षांत बाईला काहीच होत नसतं.

तपासायच्या पद्धती तीन. सगळ्यात जुनी पॅप स्मिअर : ब्रशने पेशी पुसून घेऊन काचपट्टीवर पाहणं. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या आडनावातलं ‘पॅप’ तिला चिकटलं. १९४०च्या दशकात ती रुळली. दुसरी, व्हिनेगरमधलं आम्ल पातळ करून गर्भाशयमुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. हिला ‘व्हीआयए’ म्हणतात. स्वस्त, झटपट, पण बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून. आणि पाळी गेल्यानंतर ती पेशींची सीमा आत सरकत असल्याने तेव्हा फारशी उपयोगाची नाही. तिसरी एचपीव्ही चाचणी, जी थेट विषाणूच शोधते.

या तिसरीची ताकद मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा दिसली ती उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये, आता आपण ज्याला धाराशिव म्हणतो तिथे. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका या अभ्यासात होत्या. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या अभ्यासाचा दाखला येतो, आणि ज्यांच्या भाषेत ही माहिती आधी पोचायला हवी होती त्यांना तो क्वचितच ठाऊक असतो.

जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते : वयाच्या तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. तिशीच्या आत ही चाचणी सरसकट का करत नाहीत? कारण त्या वयात विषाणू पुष्कळजणींना असतो आणि जातोही. तो शोधून काढणं म्हणजे उगाच घाबरवणं. २०२० साली संघटनेने जगासमोर ठेवलेलं २०३० पर्यंतचं उद्दिष्ट असं : ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत एचपीव्हीची लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के जणींवर उपचार. मधला आकडा पुन्हा वाचा. दर वर्षी नाही, दर महिन्याला नाही. दोनदा.

‘पण मग हा विषाणू आला कुठून?’

हा प्रश्न दवाखान्यात मोठ्याने विचारला जात नाही, घरी गेल्यावर विचारला जातो. तेव्हा उत्तर स्पष्ट असू द्या. एचपीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट हा कुणाच्याही चारित्र्याचा पुरावा नाही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. आज सापडलेला विषाणू कालचा आहे की वीस वर्षांपूर्वीचा, नवऱ्याकडून बायकोला आला की बायकोकडून नवऱ्याला, हे कुठलीही चाचणी सांगू शकत नाही. एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो असू शकतो. ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच की आता कॉल्पोस्कोपी करून, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख मोठं करून, पेशी बिघडल्यात का ते पाहायचं.

बिघडल्या असतील तर? उष्णता देऊन किंवा गोठवून तेवढा भाग नष्ट करतात, किंवा विजेच्या बारीक तारेने कापून काढतात. बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाता येतं. कर्करोगाच्या आधीच्या या अवस्थेसाठी पिशवी काढून टाकणं हा पहिला उपाय नाही. कुणी एका पांढऱ्या चट्ट्यावरून किंवा नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून थेट पिशवी काढायची भाषा करत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला अजिबात संकोच करू नका.

मॅमोग्राफीला काय दिसतं, काय दिसत नाही

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबून धरतात. दाब नकोसा वाटतो, काहींना दुखतं, पण तो दाब असेल तरच आतले थर एकमेकांवरून बाजूला होऊन चित्र स्वच्छ येतं. त्यात चरबी काळी दिसते, दुधाच्या ग्रंथींचा दाट भाग पांढरा आणि गाठही पांढरीच. तरुण वयात स्तन दाट असतात. तेव्हा गाठ शोधणं म्हणजे पांढऱ्या भिंतीवर खडूची रेघ शोधणं. म्हणून तरुण बाईला गाठ लागली तर आधी सोनोग्राफी करतात, आणि म्हणूनच वय वाढलं की मॅमोग्राफी जास्त उपयोगी ठरते.

कोणत्या वयापासून करायची? जागतिक आरोग्य संघटना साधनं पुरेशी असतील तिथे ५० ते ६९ वयात दर दोन वर्षांनी म्हणते. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली ४० ते ७४ असं सुचवलं, दर दोन वर्षांनी. ब्रिटन पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतो. ‘तज्ज्ञांनाच धड माहीत नाही’ असा याचा अर्थ नाही. फायदा आणि तोटा यांचं वजन करताना कुणी काट्याची कुठली बाजू किती धरायची यावर मतं वेगळी पडतात. ज्यांच्या आई, बहीण, मावशी, आत्या यांना कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला आहे, त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. आत्या मुद्दाम लिहिली. बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो, आणि दवाखान्यात घराण्याची माहिती देताना वडिलांची बाजू हमखास राहून जाते.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टात खाली ‘बाय-रॅड्स’ म्हणून एक आकडा असतो. ही रेडिओलॉजिस्टच्या शंकेची पट्टी आहे, आजाराची पायरी नव्हे. शून्य म्हणजे ‘चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी हवी’. शून्य धोका नव्हे! १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. ४ म्हणजे शंका आहे, सुई टाकून तुकडा तपासा. ही शक्यता दोन टक्क्यांपासून पंच्याण्णवपर्यंत कुठेही असते, म्हणून बरेच जण ४ चेही अ, ब, क असे भाग करतात. ५ म्हणजे दाट शंका. ६ म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेलं. ‘स्टेज’ हा शब्द यानंतर येतो, कर्करोग ठरल्यावर, तो कुठवर पसरला आहे हे सांगायला. बाय-रॅड्स ४ असलेल्या कित्येकींना कर्करोग नसतोच.

तपासणीने नुकसानही होतं का?

होतं, आणि ते लपवून ठेवू नये. उगाच बोलावणं आणि उगाच सुई हे एक. दुसरं नुकसान समजायला अवघड आहे. काही कर्करोग इतके मंद असतात की ते सापडले नसते तर बाईला आयुष्यभर त्यांचा त्रास झाला नसता. पण एकदा सापडले की शस्त्रक्रिया, किरणोपचार सगळं होतं, कारण कोणता मंद आणि कोणता मारक हे सापडतानाच नक्की सांगता येत नाही. ब्रिटनमधल्या एका स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१२ साली मांडलेला हिशेब असा : पन्नाशीतल्या १०,००० बायकांना वीस वर्षं मॅमोग्राफीला बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ जणींवर अशा गरज नसलेल्या कर्करोगाचे उपचार होतात. हे आकडे पाहून एखादी म्हणेल, ‘तरी मी करणार’. दुसरी म्हणेल, ‘मला विचार करू द्या’. दोघीही शहाण्याच. आकडे न सांगता ओढून नेणं मात्र मला पटत नाही.

महिन्यातून एकदा आरशासमोर स्वतःचे स्तन ठरावीक पद्धतीने तपासायचे, हा सल्लाही असाच पारखून घेण्यासारखा. शांघायमध्ये २ लाख ६६ हजार बायकांवर हा प्रयोग झाला. २००२ साली कळलेलं उत्तर : ज्यांना पद्धत शिकवली आणि ज्यांना नाही, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सारखंच, शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र जास्त झाल्या. उलट, शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने तपासण्याचा मुंबईतला वीस वर्षांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. मग स्वतः बघायचंच नाही का? बघायचं, पण परीक्षेसारखं नव्हे. आपले स्तन एरवी कसे असतात हे माहीत असावं, म्हणजे वेगळं काही झालं की अंघोळ करताना लक्षात येतं.

‘मला तर काहीच होत नाही’

तपासणीला न जाण्याचं सगळ्यात जास्त दिलं जाणारं कारण हेच, आणि चाळणी तपासणीची पात्रताही नेमकी हीच! काही होत नसतं तेव्हाच ती करायची.

काही होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा चाळणीची पाळी संपली, थेट निवडायला बसायचं. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, अंगावरून दुर्गंधी पाणी जाणं. स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ स्राव, कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे. यातलं काहीही असेल तर ‘मागच्या वर्षीचा रिपोर्ट नॉर्मल होता’ हे उत्तर नाही. वरच्या हिशेबातली ती सुटलेली पाचवी बाई आठवा. आणि गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, हा समज तर साफ मोडायला हवा. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवय. न दुखणारं तर सहजच निघतं.

उरलेल्या काही शंका, थोडक्यात

‘आमच्या घराण्यात कुणाला नाही.’ स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुतेक बायकांच्या घराण्यात तो नसतो. आनुवंशिक दोषामुळे होणारे साधारण ५ ते १० टक्केच.

‘सुई लावली की पसरतो.’ नाही. सुईने तुकडा न काढताच गाठ कापून टाकली, तर उलट उपचारांचं नियोजन बिघडतं.

‘लस घेतली आहे.’ एचपीव्हीची लस सगळ्या धोकादायक प्रकारांवर चालत नाही आणि आधी शिरलेल्या विषाणूला काढत नाही. म्हणून ती ९ ते १४ वयात द्यायची, आणि पुढे तपासणीही करायची.

‘पिशवी काढलेली आहे.’ गर्भाशयमुखही काढलं होतं का, आणि कशासाठी, हे जुन्या कागदांत पाहा. मुख ठेवलं असेल किंवा बिघडलेल्या पेशींसाठी शस्त्रक्रिया झाली असेल तर तपासणी सुटत नाही.

‘रक्तातून कळतं म्हणे.’ तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ‘ट्यूमर मार्कर’ म्हणून जे घालतात, ते या दोन कर्करोगांच्या चाळणीसाठी नाहीत. ते पैसे वाचवा.

‘लाज वाटते.’ वाटणारच. बाई डॉक्टर किंवा नर्स मागता येते, तपासताना योनी उघडी ठेवणारं साधन, स्पेक्युलम, छोट्या मापाचं मागता येतं, ‘थांबा’ म्हणता येतं. एचपीव्ही चाचणीसाठी तर आडोशाला जाऊन स्वतःच काडीने नमुना घेण्याची सोय काही ठिकाणी असते, आणि तो नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याच्या तोडीचा ठरतो.

जाण्याआधी आणि आल्यावर

पॅप किंवा एचपीव्ही तपासणी पाळीच्या दिवसांत नको. आधीचे दोन दिवस योनीत औषध किंवा क्रीम नको. मॅमोग्राफी पाळीनंतरच्या आठवड्यात केली तर कमी दुखते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्यातले कण चित्रात ठिपके बनून दिसतात आणि शंका निर्माण करतात.

निघताना तीन गोष्टी विचारून घ्या : रिपोर्ट किती दिवसांत, तो मला कोण समजावून सांगणार, आणि फोन आला नाही तर मी कुणाला करायचा. चाळणं आणि निवडणं यांच्या मधल्या वाटेवरच बायका सर्वांत जास्त हरवतात. रिपोर्ट कपाटात राहतो, बोलावणं विसरलं जातं, ‘आला नाही म्हणजे बरा असेल’ असं धरलं जातं. मॅमोग्राफीच्या जुन्या फिल्म किंवा सीडी टाकून देऊ नका आणि पुढच्या वेळी बरोबर न्या. आज दिसलेला ठिपका चार वर्षांपूर्वीही तिथेच आणि तेवढाच होता असं दिसलं, तर पुष्कळदा पुढची सुई टळते.